राहुरीच्या पुढे

राहुरी मागे पडली, उजाडायला लागलं, आणि मधुवंतीच्या लक्षात आलं की तिचे बाबा, यज्ञेश्वर, सायकलवरून दुभाजकातल्या फटीतून पलीकडे गेलेत. समोरून येणाऱ्या वाहनांच्या थेट अंगावर.

"बाबा! डावीकडे या! अलीकडे या!"

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. यज्ञेश्वर उतरले, सायकल हातात धरून कडेला झाले. ट्रॉलीबाहेर आलेले ऊस त्यांच्या खांद्याला घासत गेले. मधुवंती सायकल टाकून धावत पलीकडे पोचली. तिने त्यांच्या सायकलचं हँडल धरलं.

"कुठे चालला होतात?"

"नगरला," ते म्हणाले. "तूच चुकीच्या बाजूला होतीस."

नगरच्या सायकल क्लबची ही रात्रभराची राइड. संध्याकाळी निघायचं, सिन्नरला वळसा घालायचा आणि सकाळी परत. साठी ओलांडलेले यज्ञेश्वर आणि त्यांची लेक रात्रभर पुढच्या टोळक्यात टिकून होती. लोणीजवळ बाबा एकदा भलत्याच फाट्याला वळले होते, पण तेव्हा काळोख होता, डोळ्यांवर झोप होती. तिने ते मनावर घेतलं नव्हतं.

"चहा घेऊ आधी," ती म्हणाली.

कृषी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर आक्काबाईची टपरी नुकतीच उघडली होती. मधुवंती शाळेत जायची तेव्हापासून ती तिथेच होती. हेल्मेट घातलेल्या माणसाकडे आक्काबाई आधी नुसतीच बघत राहिली.

"आगं बया! सर? ह्या टोपीत वळखूच येईना. लई दिसांनी!"

यज्ञेश्वर हसले. "कसं काय? बरं आहे ना सगळं?"

"बरं हाय की. बसा, तुमचा बिनसाखरेचा टाकते."

ते बाकावर बसले. समोरची कमान, आत गेलेला रस्ता, दोन्ही बाजूंची झाडं पाहत राहिले. मग लेकीकडे वाकून हळूच म्हणाले, "मोठं दिसतंय. कॉलेज आहे का कसलं?"

थट्टा असावी म्हणून ती हसली. ते हसले नाहीत. याच कमानीखालून ते नोकरीभर रोज शिकवायला आत गेले होते. आत त्यांचे ज्वारीच्या प्रयोगांचे प्लॉट होते. आतल्याच क्वार्टरमध्ये ती लहानाची मोठी झाली होती. कमानीवर आता कोवळं ऊन आलं होतं आणि पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"बाबा, हे विद्यापीठ. आपलं."

"हो हो," ते लगेच म्हणाले. "तेच म्हणतोय मी."

चहा आला. तिने ग्लास हातात नुसता धरून ठेवला.

"कधीपासून होतंय हे?"

ते फुंकर घालत राहिले.

"कधीपासून, बाबा?"

"आईला सांगू नकोस." एक घोट घेऊन ते पुढे बोलले. "गेल्या दिवाळीच्या आधीपासून असेल. येतं आणि जातं. म्हणून तर ही सायकल धरली. लग्नाकार्यात लोक समोर येऊन उभे राहतात, 'ओळखलंत का' म्हणतात. सायकलवर तसं कोणी विचारत नाही. पुढच्याच्या मागे जात राहायचं."

मधुवंतीने त्यांच्याकडे पाहिलं. पाठ ताठ होती, पोटऱ्या घट्ट होत्या. एवढ्या लांबून येऊनही दमली होती ती फक्त तीच. तिने फोन काढला आणि क्लबच्या पंकजला लावला.

"आम्ही इथेच थांबतोय, विद्यापीठासमोर. दोघंही. टेम्पो पाठव."

"अहो ताई, आता काय राहिलंय? विळद घाट चढलात की आलं नगर."

"पाठव तू."

"एवढा घाट चढू दे ना, मधू," यज्ञेश्वर म्हणाले. "मग पुढच्या वेळी नको म्हणालीस तर नाही येणार मी."

तिच्या डोळ्यांसमोर तो ट्रॅक्टर आला. "नाही, बाबा."

ते चिडतील, आवाज चढवतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी हेल्मेट काढलं आणि मांडीवर ठेवलं. त्यांनी वाद घातला नाही याचीच तिला जास्त भीती वाटली.

मागून येणारे चार-पाच सायकलवाले टपरीसमोरून गेले. "सर, चला! बसलात काय!" एकाने आरोळी दिली. यज्ञेश्वरांनी हात वर केला आणि ते वळणाआड जाईपर्यंत तो तसाच ठेवला.

मग ते पुन्हा तिच्याकडे वाकले.

"ह्या चहावाल्या बाईंचं नाव काय?"

"आक्काबाई."

त्यांनी ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. मग उठले, रिकामा ग्लास घेऊन स्टोव्हपाशी गेले, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात म्हणाले, "आक्काबाई, तुमच्या हातची चव नगरात कुठे मिळत नाही बघा. आणखी एक होऊ द्या."

आक्काबाईचं तोंड फुललं. पलीकडच्या बाकावर बसलेल्या मजुरांकडे वळून तिने अभिमानाने सांगितलं, "बगा! येवढी पोरं शिकवून मोठी केली, पन सर मला इसरले न्हाईत."