दुश्मनाची छत्री

शेवटच्या मिनिटाला पंचांनी पेनल्टीची शिट्टी फुंकली आणि टीव्हीवर चित्राच्या चौकोनी ठिकऱ्या उडाल्या. त्या ठिकऱ्यांत गोलकीपरचा चेहरा गेला. गोलकीपर म्हणजे या घरची धाकटी लेक.

"घ्या! आणखी घ्या डिश!" आबा खुर्चीतून गरजले. "केबल बिघडली तर माणूस धावत येतो. तुमच्या डिशला माणूस आहे का, सूनबाई?"

महिनाभर घरात हीच झुंज लागली होती. सूनबाईंचं एकच पालुपद: मला माणूस नको, पोरीचा सामना दाखवणारं चॅनल हवं, आणि ते केबलवर येत नाही. अखेर काल डिश बसली. बसवणारा बजावून गेला होता, सिमेंट सुकेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. वाऱ्याला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं.

टीव्हीत पेनल्टीवरून हुज्जत चालल्याचं ऐकू येत होतं. तेवढा वेळ मिळाला म्हणून सूनबाई पदर खोचून धापा टाकत गच्चीवर पोचल्या. डिशच्या छत्रीने मान टाकली होती. पलीकडच्या कोपऱ्यात केबलवाला तोंड फुगवून, या घरची काढून टाकलेली वायर गुंडाळत बसला होता.

"भाऊ, एवढी छत्री धरा हो! पोरीची मॅच आहे!"

"वा, वहिनी! वायर काढली माझी, आणि दुश्मनाची छत्री धरायलाही मीच?" त्याचे हात थांबले नाहीत. "पोरगी म्हणजे कोणती? बॉल मारून सारखी माझी वायर तोडायची, ती?"

"तीच. आज अडवायला उभी आहे."

वायरचं वेटोळं धपकन खाली पडलं. "मग बोलत काय बसलात? पळा! कुठे वळवू ते ओरडून सांगा!"

खाली केबलचे कैवारी आबाच खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळत होते. "डावीकडे! अरे, फार गेलास! मागे ये, मागे! बस्स! आता हलू नकोस. श्वाससुद्धा घेऊ नकोस!"

चित्र लख्ख आलं. लेकीने हातमोजे एकमेकांवर आपटले. धावत खाली आलेल्या सूनबाईंना बसायचं सुचलं नाही. हातातली उशी त्यांनी पार पिळून काढली. समोरच्या पोरीने धाव घेतली, लाथ घातली. लेक उजवीकडे झेपावली, आडवी कोसळली आणि उठली तेव्हा बॉल तिच्या छातीशी घट्ट होता.

घरात असा काही गलका झाला की आबांची काठी थेट पंख्याला जाऊन लागली. दुसऱ्याच क्षणी टीव्ही निळाठिक्कर.

"अरे, छत्री सोडलीस की काय?" आबा खिडकीतून ओरडले.

डोक्यावरची गच्ची धपाधप दणाणत होती.

"तिने धरला ना, आबा?" वरून आवाज आला. "मग मी कशाला धरून बसू!"