पाय पसरायला जागा

"आता पाय कुठे ठेवू मी? डोक्यावर?"

दिनानाथ खेकसले, तशी मालिनीने आपली वळकटी मुकाट्याने आणखी भिंतीला चिकटवली. भिंत कसली, पत्राच तो! कारखान्यातून रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावी लागली, तेव्हा दिनानाथांनी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका सिंधी भंगारवाल्याकडून लढाईतली जुनी ॲम्ब्युलन्स घेतली. इंजिन नव्हतंच. कोंडाजी या ओळखीच्या शेतकऱ्याच्या बैलांनी ती बदलापूरपर्यंत ओढत आणली आणि त्याच्याच शेताच्या कडेला, जांभळीखाली, विटांवर चढवली. तेव्हापासून दिनानाथ, त्यांची बायको सुहासिनी आणि मालिनी, तिघांचं बिऱ्हाड त्या डब्यात.

"सायेब, ह्याला घर म्हनायचा का गाडी?" कोंडाजीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "वास्तुशांत करायची, का चाकाखाली लिंबू ठेवायचा?"

"दोन्ही करू. कुठला देव कशाने पावेल, सांगता येत नाही."

तसं गावी, कोकणात, ऐसपैस घर होतं. पण तिथे मालिनीची जागा आधीच ठरलेली. मागची पडवी, आणि चार माणसं आली की पुढे यायचं नाही. थोरल्या भावाने हे तोंडावर सांगितलं मात्र, दिनानाथांनी उठून चपला घातल्या. "ही राहील तिथे आम्ही राहू," म्हणाले. भाऊबंदांनी वेड्यात काढलं. काढेनात का! म्हातारा हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाच्या बापाचं ऐकत नसे.

आणि आता तोच म्हातारा उठता-बसता मालिनीला जागेवरून टोचत होता.

कारण होतं अंबरनाथचा हेमचंद्र. कारखान्यात नोकरी, स्वभावाने अगदी गाय. बायको वारलेली, पदरात एक चिमुरडी. ती मालिनीच्या बालवर्गात यायची, तिथून ओळख. त्याने स्वतः येऊन, गाडीच्या पायरीवर बसून, मालिनीला मागणी घातली. मालिनी तिशीला टेकलेली, तोही काही कोवळा नव्हे. त्या दिवशी तिने चहात दोनदा साखर घातली, त्यावरूनच सुहासिनी काय ते समजली. पण पोर हो म्हणेल तर शपथ!

"मी गेल्यावर तुमचं कोण बघणार, बाबा?"

ते खरंच होतं. मुलगा, गुरुदत्त, सहा वर्षांपूर्वी विषमज्वरात गेला. राहता राहिली मालिनी. पण दिनानाथांच्या छातीत हल्ली कळ यायची, आणि कळ आली की डोळ्यांपुढे ती मागची पडवी उभी राहायची. आपण डोळे मिटले की हिला तिथेच नेऊन टाकतील. या एका विचाराने त्यांची झोप उडाली होती.

गोड बोलून झालं, समजावून झालं. मग त्यांनी कडू बोलायला घेतलं. तिचा डबा मधे, तिची छत्री मधे, तिची सावलीसुद्धा मधे!

एके संध्याकाळी मालिनी फुटली. "सरळ सांगा ना बाबा, मी जड झालेय तुम्हाला!"

सुहासिनीने हातातली पळी खाली ठेवली. दिनानाथांनी तोंड पत्र्याकडे वळवलं.

"झालीस," ते म्हणाले. "जड झालीस."

"बरं. कळवा मग त्यांना, मी तयार आहे."

दिनानाथ बाहेर पडले आणि जांभळीमागे जाऊन लहान पोरासारखे रडले. सुहासिनी मागोमाग आली.

"फार लागलं हो तिला."

"लागू दे. रागावून का होईना, जाऊ दे. सुखात राहील."

लग्न गाडीसमोरच करायचं ठरलं. गुरुजी मिळताना मात्र नाकी नऊ आले. एकाला सोयर होतं, एकाचा गुडघा धरला होता, एकाने तर दारच उघडलं नाही. शेवटी कल्याणचे एक म्हातारे गुरुजी यायला कबूल झाले. गावाकडून एक चिटपाखरू फिरकलं नाही. कोंडाजीच्या बायकोने, गोजरबाईने, शेणाने सारवून अंगण केलं, आंब्याची तोरणं बांधली, आणि हेमचंद्रची चिमुरडी त्या अंगणात सगळ्यांच्या मधेमधे नाचत होती.

सुहासिनी गजरा घेऊन आली. मालिनी मागे सरकली. "नको आई. फुलं देवाला वाहा."

"देवाला रोजच वाहतो. आज तू माळायचा." सुहासिनीने स्वतःच तो माळला. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा घट्ट खोवला.

मग मालिनी दिनानाथांच्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "बाबा, रात्री तर तुम्ही मुटकुळं करून झोपता. मला जागा व्हावी म्हणून. पाय पसरलेले मी कधी पाहिलेच नाहीत."

दिनानाथांचा चेहरा पडला. "मग हो कशाला म्हणालीस?"

"तुमचं नाटक इतकं वाईट चाललं होतं, बघवेना!"

दिनानाथ हसले, मग हसता हसता डोळे पुसायला त्यांना उपरणं पुरेना. "माझी गुणाची पोर," एवढंच त्यांना बोलता आलं.

कन्यादानाला दिनानाथ आणि सुहासिनी पाटावर बसले. गुरुजींनी पळीभर पाणी हातावर दिलं.

"वराचं गोत्र?"

"काश्यप," हेमचंद्र म्हणाला.

"मुलीचं गोत्र?"

दिनानाथांनी हातावरचं पाणी तसंच धरून बायकोकडे पाहिलं. सुहासिनीने त्यांच्या हाताला हात लावला. गुरुजींनी पुन्हा विचारलं.

"कुठलं सांगू, गुरुजी?" दिनानाथ म्हणाले. "हिच्या वडिलांचं, की माझ्या मुलाचं, हिच्या पहिल्या नवऱ्याचं?"