गोऱ्यांच्या गटात ओडेटा

वर्णभेद मिटवायला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका सरकारी शाळेने बक्कळ पैसे मोजून सल्लागार बाई बोलावल्या. “गोरे शिक्षक ग्रंथालयात, कृष्णवर्णीय प्रयोगशाळेत. आपापल्यांत मनमोकळं बोला,” त्या म्हणाल्या. कृष्णवर्णीय होती एकटी ओडेटा, गणिताची शिक्षिका. रिकाम्या प्रयोगशाळेत तिने येरझाऱ्या घातल्या, उगाच नळ सोडला, बंद केला. भिंतीपलीकडची कुजबुज ऐकवेना. खुर्ची उचलून ती ग्रंथालयात शिरली. “अहो, हा गट गोऱ्यांचा!” सल्लागार बाई गडबडल्या. “विषय माझाच ना? मग माझ्यादेखत बोला,” ओडेटा खुर्ची आपटून बसली. ती भांडायलाच आली होती. शेवटी म्हातारे व्यायामशिक्षक हॅल्वर्सन चाचरत म्हणाले, “इतकी वर्षं झाली, ओडेटा. तुला आम्ही कधी घरी जेवायला का नाही बोलावलं गं?” तिचं भांडण तोंडातच राहिलं. ती एकेकाकडे पाहू लागली; कुणाचीही मान वर होईना.