तिचं एकटीचं चित्र

"तो धबधबा नको पुन्हा," ओकबुन म्हणाली. "सगळं छान असतं त्यात. फक्त मी नसते."

डॉक्टर मा हेरिन हसल्या. धबधब्याचा आवाज लावण्यासाठी हातात घेतलेला फोन त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

"बरं मावशी, माझा धबधबा राहू दे. तुमचं काय ते बघू. जिथं बरं वाटेल अशी एखादी जागा. विचार नका करू, डोळे मिटून नुसतं बघा."

ओकबुनने डोळे मिटले. उन्हाळ्यापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. गोळ्यांनी झोप आली, रडणंही थांबलं; पण काही हवंसं वाटणं काही परत आलं नव्हतं.

"जेजू बेट," शेजारच्या खुर्चीतून तिचा नवरा दोक्सू म्हणाला. हल्ली तिच्या वाटचं तोच बोलायचा. "माझ्या साठीला गेलो होतो. पिवळ्या फुलांची ही एवढाली शेतं! सांग ना गं त्यांना."

"त्या फुलांत मला फोटोसाठी उभं केलं होतं," ओकबुन मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली. "सगळे हस, हस म्हणत होते. चपला चावत होत्या."

"काका," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "जरा त्यांना बघू द्या."

दोक्सूने ओठ घट्ट मिटले. खोलीत हीटरची घरघर तेवढी राहिली.

"बंदरावरचा बाजार," ओकबुन म्हणाली.

"उजेड कुठून येतोय?"

"समोरून. पाण्यावरून. डोळ्यांवर येतोय." तिने मान किंचित वळवली. "वारा आहे. होत्तोकच्या गाडीपाशी उभी आहे मी. ती बाई पोळी तव्यावर दाबतेय, तेल चुरचुरतंय."

"हातात काय आहे?"

"कागदाचा पेला. त्यात पोळी. आत गुळाचा पाक आहे, चटके बसतात." तिने मांडीवरचा हात उचलला आणि बोटं आळीपाळीने सोडून पुन्हा धरली.

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मी असेन की," दोक्सूला राहवलं नाही. "सुटे पैसे आणायला गेलो असेन."

"नाही. तुम्ही नाही आहात."

दोक्सूने खाली बघितलं. तोंडातल्या तोंडात तो म्हणाला, "बरं. नाही तर नाही."

"खा आता मावशी. सावकाश."

ओकबुनने रिकामा हात तोंडाशी नेला आणि एकदम श्वास आत ओढला. "भाजली जीभ!" म्हणत तिने डोळे उघडले. हनुवटीवरून बोट फिरवून ती बोटाकडे बघत राहिली. बोट कोरडं होतं. तिला हसू आलं. छोटंसंच आलं, पण दोक्सूने मान वर केली.

"हे खरंच करून बघायचं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकटीनं? बंदरावर?" दोक्सूचा आवाज चढला. "डॉक्टर, तिथं पाणी आहे."

तो काय म्हणतोय ते दोघींनाही कळलं. डॉक्टर ओकबुनकडे वळल्या आणि त्यांनी सरळच विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं अजून मनात येतं, मावशी?"

"ते आता येत नाही. आलं तर सांगेन. तुम्हाला सांगेन, ह्यांनाही सांगेन." तिने मानेनंच दोक्सूकडे दाखवलं. "पण हे सारखे असे बघत असले, की मला दुसरं काही दिसतच नाही हो."

डॉक्टरांनी तिला आणखी थोडं विचारलं, मग दोक्सूकडे बघून होकाराची मान हलवली.

दवाखान्याबाहेरच्या बस थांब्यावर दोघं शेजारी बसली. बंदराकडे जाणारी बस वळणावर दिसली.

"आपली नाही ही," ओकबुन म्हणाली.

"तुझी आहे." दोक्सूने गळ्यातला मफलर काढून तिच्या गळ्यात घातला. "मी बसतो इथं."

"गारठून जाल."

"चढ गं. ड्रायव्हर खोळंबलाय."

ती चढली. काचेतून तिने हात केला नाही; पलीकडच्या, समुद्राच्या बाजूला जाऊन बसली. बस उतार उतरून दिसेनाशी झाली आणि दोक्सूने फोन काढला. तिचा नंबर लावायला बोट नेलं, मागे घेतलं. फोन खिशात टाकला, पुन्हा काढला. घरी जाणारी बस आली. त्याने ड्रायव्हरला नको म्हणून हात केला. ती गेली. दुसरीही गेली.

मग फोन वाजला. उन्हाळ्यापासून तिने आपण होऊन कुणालाही फोन केला नव्हता.

"अहो," ओकबुनचा आवाज वाऱ्यात फाटत होता. तोंडात घास होता. "इथं दाण्याचंही मिळतं. घेऊ का तुम्हाला?"

दोक्सू उठून उभा राहिला. म्हणाला, "इथवर आणेपर्यंत गार होईल ते."

"मग पुढच्या बसने या." पलीकडे तिने पोळीवर फुंकर घातली. "पण घाई करू नका. माझं अजून खाऊन व्हायचंय."