मूठ उघडण्याचा व्यायाम

"सोडा आता," व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

सुताराने सोडायला जोर लावला. मूठ आणखी आवळली. बाईंची बोटं आत चेंगरली आणि त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो वैद्यकीय नव्हता. शेवटी सुताराच्या बायकोने एकेक बोट उचकटून त्यांची सुटका केली.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून हे असंच. पाय सुधारला, जीभ तर जरा जास्तच सुधारली. उजवा हात मात्र धरायचा, सोडायचा नाही. आणि एकदा धरलेला रंधा खाली न ठेवणारा सुतार कुणाच्या कामाचा? मूठ उघडली तरच दुकान उघडणार होतं.

"जोर लावू नका, जोर काढून घ्या," बाई बोटं चोळत म्हणाल्या. "मेंदूतली जुनी वाट बंद झालीय. नवी पडते, पण तिच्यावरून रोज चालावं लागतं. रबरी चेंडू दिला होता ना?"

"तो डाव्या हाताने दाबतात," बायकोने चुगली केली.

"मग माणसांचे हात धरा. धरा आणि सोडा. माणूस निदान ओरडतं तरी."

बायकोला एकदम सुचलं. "चर्चमध्ये धरतील की! दर रविवारी उपासनेत आम्ही आजूबाजूच्यांचा हात हातात घेऊन 'शांती असो' म्हणतो. आणि आमचे पाळकसाहेबही तुमच्यासारखंच सांगतात हं, माणसाचं मन नवं होऊ शकतं म्हणून. फक्त व्यायाम देत नाहीत."

सुतार कामाला लागला. त्याच्या वाटची शांती लोकांना जरा लांबच पडली. गायनवृंदातल्या आजींना निम्मं गीत त्याच्या शेजारी उभं राहून म्हणावं लागलं. घंटा वाजवणाऱ्याची घंटा चुकली. दरवेळी बायको यायची, बोटं उचकटायची, माफी मागायची.

"सगळ्यांचे धरताय ना?" बाईंनी पुढच्या खेपेला विचारलं.

"सगळ्यांचे," सुतार म्हणाला.

"एक सोडून," बायको म्हणाली.

तो एक म्हणजे मागच्या बाकावर बसणारा धाकटा भाऊ. आईची शवपेटी सुताराने स्वतःच्या हाताने केली होती, आणि कबरीपाशी धाकटा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "दादा, झाकण वाकडं बसलंय." तेव्हापासून शांतीची वेळ आली की सुतार खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधायचा. बुटांना नाड्या नव्हत्या. बरं, बाक बदलावं, तर जो बदलेल तो हरला. म्हणून दोघं वर्षानुवर्षं, एकाचा खोकला दुसऱ्याच्या मानेवर यावा इतक्या जवळून, अबोला पाळत होते.

"मग तोच हात धरा," बाई म्हणाल्या. "सोप्या कामाने मेंदू ढिम्म हलत नाही."

रविवारी शांतीची वेळ आली. सुतार मागे वळला.

"व्यायाम आहे," तो म्हणाला. "बाईंनी सांगितलाय. उगाच गैरसमज नको."

"कशाला होईल?" म्हणत धाकट्याने हात पुढे केला.

मूठ आवळली. आजूबाजूची शांती संपली, माणसं खाली बसली. हे दोघं उभेच.

"सोड की, दादा."

"सुटत नाही."

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनींना नेमकं तेव्हाच रंगीत काचांच्या खिडकीत बघण्यासारखं काहीतरी सापडलं होतं. मग काय करणार? सुतार निमूटपणे मागच्या बाकावर जाऊन बसला. गीतांचं पुस्तक दोघांत एक झालं. एकाने धरायचं, दुसऱ्याने पान उलटायचं. प्रभुभोजनालाही जोडीनेच जावं लागलं. पाळकांनी त्या अडकलेल्या हातांकडे पाहिलं, दोघांच्या मोकळ्या डाव्या तळव्यांवर भाकर ठेवली आणि हसू लपवायला खोकले.

परत येताना धाकटा पुटपुटला, "वाकडंच होतं पण."

सुताराने दोन बाकं ओलांडली. मग त्याने लांब श्वास सोडला.

"डावीकडून," तो म्हणाला. "जरासं."

शेवटचं गीत सुरू झालं तेव्हा बायकोला राहवेना. तिने मागे वळून पाहिलं आणि भर गीतात ओरडली, "अहो, सुटलीत की बोटं! पाचही!"

खरंच सुटली होती. वाळत घातलेल्या हातमोज्यासारखी सैल, सरळ. हात मात्र अजून होता तिथेच होता, धाकट्याच्या मुठीत घट्ट.

आणि धाकट्याला तर झटका कधी आलाच नव्हता.