एकाच हाताचं अक्षर

सगळे एक्केचाळीस फॉर्म एकाच अक्षरात होते.

सरांनी वरचे पाच पाहिले, मधूनच आणखी दहा-बारा ओढून काढले आणि गठ्ठा आपल्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीकडे सरकवला. “कुणीतरी एका बैठकीत खरडलेत. तुझं चौथं प्रकरण गेलं.”

प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले होते. विषय व्यवस्थापनाचा होता: कामाच्या ठिकाणी कोणाचं ऐकलं जातं आणि कोण बाहेर राहतं. त्यासाठी तिने एका मोठ्या हॉस्पिटलची लॉन्ड्री निवडली होती. सोमवारी कोरे फॉर्म ठेवून आली, शनिवारी भरलेले घेऊन आली. एकही कोरा परत आला नाही म्हणून खूश होती. पाकीट तिने सरांसमोरच फोडलं होतं.

“फेकायच्या आधी विचारून तरी येऊ,” ती म्हणाली. सर कुरकुरत उठले.

लॉन्ड्री तळघरात होती. वाफेने सरांचा चष्मा धुरकटला. घड्या घालायच्या लांब टेबलांवर बायका दोघी-दोघी मिळून चादरी झटकत होत्या. सुपरवायझर पुढे आले. गठ्ठा बघताच हसले. “अक्षर ना? मास्तरणीचं. नववीपर्यंत शिकलीय. इथल्या सगळ्यांची पत्रं, नोटिसा तीच वाचते.”

मास्तरीण म्हणजे पन्नाशीची, काटकुळी बाई. तिने हातातली चादर पुरती घडी करून ठेवली, मगच ती आली.

“हे सगळं तुम्ही लिहिलंत?” सरांनी विचारलं.

“हो. काही चुकलं का?”

“प्रत्येकीने आपापला भरायचा होता!”

“आपापलाच भरला की. इथे दोघींना थोडंफार वाचता येतं, पण लिहायचं म्हटलं की त्यांचाही हात अडतो. बाकीच्यांना अक्षर ओळखीचं नाही. मग मी जेवणाच्या सुट्टीत एकेकीला खिडकीशी घेऊन बसले. प्रश्न वाचला, ती बोलली, मी लिहिलं. सहा दिवस लागले.”

कोण बाहेर राहतं, याचा अभ्यास करता करता विद्यार्थिनीला चार वर्षं झाली होती. ‘तुम्हाला वाचता येतं का?’ एवढं विचारायचं मात्र तिला सुचलं नव्हतं.

सर हटायला तयार नव्हते. मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून ते बोलत होते. नेमकं मशीन थांबलं, आणि शेवटचं वाक्य सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

“तुम्ही स्वतःच्या मनाचं लिहिलं नाही कशावरून?”

चादरी थांबल्या. मास्तरणीचा चेहरा उतरला. तिने घामाने ओले हात पदराला पुसले.

“फॉर्म वाचलेत का तुम्ही?” तिने विचारलं.

सरांनी विद्यार्थिनीकडे पाहिलं, तिने सरांकडे. दोघांनीही फक्त अक्षर पाहिलं होतं.

मग दोघं बाकावर बसून वाचू लागले. एकीला टोपल्यांची चाकं बदलून हवी होती. एकीने लिहवून घेतलं होतं, ‘चार वर्षं सांगतेय, खिडकी उघडत नाही. आता तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा सांगते.’ एकेका फॉर्ममधून एकेक बाई बोलत होती, आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा होता. वाचता वाचता सर अकराव्या प्रश्नावर अडले. ‘कोणामुळे काम करणं जड जातं?’

‘मास्तरीण. घडी चुकली की चारचौघींत पाणउतारा करते.’

त्यांनी पुढचा फॉर्म घेतला. मग त्याच्या पुढचा.

‘मास्तरीण. शिकलेली आहे, ते विसरू देत नाही.’

‘मास्तरीण. आत्ता लिहितानासुद्धा घाई करतेय.’

असे नऊ निघाले. सगळे त्याच गोल, स्वच्छ अक्षरात. एकही शब्द खोडलेला नव्हता, एकही मवाळ केलेला नव्हता.

“हे तिच्या तोंडावर सांगितलंत?” विद्यार्थिनीने टेबलाकडे वळून विचारलं.

“मग कुणाला सांगणार?” एक जाडजूड बाई म्हणाली. “पेन तिच्याच हातात होतं.” दोघी-तिघी खुदकन हसल्या. मास्तरीण हसली नाही.

सुपरवायझर हळूच सरांच्या कानाशी आले. “पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. माझ्या जागेसाठी हिचंच नाव आहे. वरच्यांनी या मॅडमच्या अभ्यासाचा अहवाल मागवलाय, तो बघून ठरवणार म्हणे. मीच हिला आणि सगळ्यांना सांगितलं होतं.”

“फॉर्म भरायच्या आधी?”

“आधीच.”

सर उभे राहिले. तीस वर्षांत त्यांनी हजारो फॉर्म तपासले होते. खोटी उत्तरं कशी पकडायची यावर त्यांचं एक पुस्तक होतं. त्यांनी धुरकटलेला चष्मा काढला, आणि विद्यार्थ्याने विचारावं तशा आवाजात विचारलं, “बाई, वाईट नाही वाटलं?”

“वाटलं तर. दोन दिवस कामापुरतंच बोलले.”

“मग बदललं का नाहीत? बहुतेकींना वाचता येत नाही. कुणाला कळलं नसतं.”

मास्तरणीने टेबलावरची पुढची चादर उचलली आणि दोन कोपरे समोरच्या बाईच्या हातात दिले.

“वाचता येत नाही, म्हणूनच तर बदलता आलं नाही, सर.”