बाबांची बटणं

“भोंगा कुठाय?” बाबांनी विचारलं.

“बाबा, या खेळात भोंगा नसतो. बंदूक असते.”

“भोंगा दिल्याशिवाय मी काहीही हलवत नाही.”

लेकीने कपाळाला हात लावला. बाबांनी एकतीस वर्षं उंच क्रेन चालवली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी ते अजून पुरते खाली उतरले नव्हते. शेवटी तिने खेळातलं शिट्टी मारायचं बटण शोधून काढलं आणि ते बाबांच्या डाव्या अंगठ्याखाली बसवलं. पुढच्या डावात बाबांनी एकेक पाऊल शिट्टी वाजवून टाकलं. शत्रूंना शोधाशोध करावी लागली नाही. ते सरळ आले आणि बापलेकीचा निकाल लावून गेले.

परवा सकाळी ती नोकरीसाठी परदेशी निघणार होती. बाबा काही फोनवर बोलणाऱ्यांतले नव्हते. “जेवलीस का?” “हो. तुम्ही?” “हो. आईला देतो.” एवढ्यात त्यांचा फोन आटपायचा. म्हणून तिने व्हिडिओ गेमचे दोन हँडहेल्ड आणले होते. मधे पडदा, दोन्ही बाजूंना दांड्या आणि बटणं. एक तिला, एक बाबांना. दोन देशांत बसून रोज संध्याकाळी दोघांनी एका जोडीने ऑनलाइन खेळायचं, असा तिचा बेत होता. बेतात बाबा सोडले तर काहीच अडत नव्हतं.

बाबांचे हात आता बदलणार नव्हते. मग बटणंच बदलायला हवी होती. ती दुपारभर त्यांच्या हँडहेल्डच्या सेटिंगमध्ये डोकं खुपसून बसली. डावी दांडी डावी-उजवीकडे वळायला. उजवी वर-खाली करायला, तीही क्रेनसारखी उलटी, ओढली की वर आणि ढकलली की खाली. वेग निम्म्याहून कमी केला, कारण झटका दिला की माल झुलतो, असं बाबांचं म्हणणं.

“कसला माल, बाबा? समोर माणूस आहे तो!”

“मग तर आणखीच हळू.”

तिने त्यांना चालायचं कामच ठेवलं नाही. डाव सुरू झाला की खेळातल्या पाण्याच्या उंच टाकीवर नेऊन बसवायचं आणि तिथूनच नेम धरायला लावायचं. एकवीस डाव झाले. एकवीसही हरले. भाजी निवडता निवडता आई म्हणाली, “अहो, निदान एखाद्यावर वरून चप्पल तरी टाका.”

बाविसाव्या डावात लेकीच्या लक्षात आलं. बाबांची नजर पडद्यावर नव्हतीच.

“बाबा, पडद्याकडे बघा ना! माझ्याकडे काय बघताय?”

“मग कुणाकडे बघू?” बाबा खरोखरच गोंधळले. “माल भिंतीपलीकडे उतरायचा. वरून मला तो कुठला दिसायला? खालचा माणूस हात दाखवायचा आणि मी दांडी हलवायचो. माझ्या डोळ्यांवर विसंबलो असतो, तर कुणाच्या तरी डोक्यात माल घातला असता.”

लेकीने स्वतःचा हँडहेल्ड बाजूला ठेवला, बाबांच्या पडद्यात डोकावली आणि हात डावीकडे केला. बंदूक डावीकडे वळली, लोण्यातून फिरावी तशी. बोटं खाली. बंदूक खाली झाली. जरासं उजवीकडे. मूठ आवळली. बंदूक जागच्या जागी थांबली आणि बार उडाला. शत्रू आडवा. दुसराही आडवा. तो डाव ते जिंकले. आईने हातातली जुडी उंच धरून नाचवली. बाबा हसले, अगदी मोकळे हसले.

मग बाबांचंच हसू आधी मावळलं. परवापासून या खोलीत हात दाखवायला कोण बसणार होतं? त्यांनी हँडहेल्ड हळूच टेबलावर ठेवला.

“राहू दे पोरी,” ते म्हणाले. “फोन आहेच की.”

तिला रडू कोसळणार होतं. ते दिसू नये म्हणून ती आपला हँडहेल्ड घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पलंगावर बसून तिने सेटिंग उघडली. या वेळी स्वतःची. खेळातल्या बाहुल्यांना हातवारे करता येत. लोक ते एकमेकांना चिडवायला वापरत. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, हळू, थांब. सहा हातवाऱ्यांना सहा बटणं हवी होती आणि तिची सगळी अडलेली होती. तिने उडी काढली. पळणं काढलं. लपणं काढलं, बाँब काढला, ढाल काढली. तरी एक कमी पडत होतं. तिने थोडा वेळ विचार केला आणि हाताशी उरलेलं शेवटचं बटणही मोकळं केलं.

“बाबा, या!” तिने आतूनच हाक मारली. “शेवटचा डाव!”

बाबा टाकीवर चढले. खाली उघड्या मैदानात लेकीची बाहुली एकटीच उभी राहिली आणि तिने हात वर केला. बाहेरून आईचा आवाज आला, “अगंबाई, हे चक्क पडद्याकडे बघतायत!”

दोन्ही बाजूंनी शत्रू पळत येत होते.

“अगं, तुझी बंदूक कुठाय?” बाबा ओरडले.

“काढून टाकली, बाबा! हात दाखवायला बटणं पुरेनात.”

दाराबाहेरून बाबांचा आवाज आला, कामावर असतानाचा, खणखणीत.

“तू खाली बिनघोर उभी राहा. वर मी आहे.”